आपल्या मालकीचे काही केबी

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाईक दुखण्याचं नाव घरूनच ठरवून येतं. मशीन मंद चालतं, म्हणजे व्हायरस. चालूच होत नाही, म्हणजेही व्हायरस. गेम मधेच अडकतो, तर रॅम कमी. मुलाचे मार्क कमी, तर ग्राफिक कार्ड जास्त. डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या एका गल्लीत माझं दुकान आहे आणि विंडोज ९८ च्या अखेरच्या दिवसांपासून मी ही मतं ऐकत आलोय. आधी मी ती खोडून काढायचो. आता पूर्ण ऐकून घेतो. मत चुकीचं असलं तरी ते सांगता सांगता माणूस बोलून जातो की त्याला नेमकं काय घालवायचं नाहीये, आणि आमच्या धंद्यात तेवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

‘फॉरमॅट मारा’ हा तेव्हाचा रामबाण उपाय. एक्सपी आलं होतं, घरोघरी पेंटियम फोर होते, आणि काहीही बिघडलं की वडील मंडळी सीपीयू स्कूटरवर पुढे उभा करून आणायची. ‘सी ड्राइव्हमधलं काही नको, आमचं सगळं डी मध्ये आहे,’ हे वाक्य ठरलेलं. बोलणाऱ्याचा त्यावर पूर्ण विश्वास असायचा. त्यांच्या मागे दहावीतला मुलगा उभा असायचा आणि बाबांची पाठ वळली की हळूच विचारायचा, ‘काका, व्हाइस सिटीची सेव्ह राहील ना?’

राहायची नाही. गेम डी मध्ये टाकलेला असला तरी तो आपली सेव्ह ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये एका वेगळ्या फोल्डरात ठेवायचा, आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ म्हणजे सी. बाबांच्या हिशेबात तिथे काहीच नव्हतं. मुलाच्या हिशेबात उन्हाळ्याची सुट्टी होती. गेमची सीडी शेजाऱ्याकडून पुन्हा आणता आली असती, पण पार केलेल्या मोहिमा, विकत घेतलेली घरं, गॅरेजमध्ये लावून ठेवलेली गाडी शेजाऱ्याकडे मिळणार नव्हती. हे सगळं मावायचं दोनशे केबीच्या आसपासच्या एका फाइलीत. एका फ्लॉपीत अशा सहा-सात जणांच्या सुट्ट्या बसायच्या. फॉरमॅट मारण्याआधी तो फोल्डर उचलून घ्यायचा, ही मी सवयच लावून घेतली. त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत, आणि त्यामुळेच माझं दुकान शाळेच्या पोरांमध्ये माहीत झालं. पुढे त्यांचे बाप पीसी घ्यायला आले ते पोरांच्या शिफारशीवर.

प्रोजेक्ट आयजीआय नावाचा एक गेम तर आणखी क्रूर. २००० साली आला आणि आपल्याकडे घरोघरी पोचला. त्यात मोहीम सुरू झाली की मधे सेव्ह करायची सोयच नाही. अर्धा-पाऊण तास शत्रूच्या तळावर सरपटत जायचं, शेवटच्या टेहळणीच्या मनोऱ्यावरून गोळी लागली की परत पहिल्यापासून. त्यात भारनियमनाचे दिवस. महावितरणचं वेळापत्रक पोरांना शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पाठ. एक वहिनी मला म्हणाल्या होत्या, ‘लाइट गेली की आमच्या घरात देव पावतो, पोरगा जेवायला येतो.’ त्याच घरातून पुढच्या आठवड्यात यूपीएसची ऑर्डर आली. कारण सांगितलं अभ्यासाचं. त्या काळात माझे सगळे यूपीएस अभ्यासासाठीच खपले.

गेममुळे पीसी खराब होतो, हे आणखी एक टिकाऊ मत. ते अगदीच खोटं नव्हतं. कार्ड तापायचं, पंख्यात धूळ अडकायची, मशीन स्वतःच बंद व्हायचं. पण बँकेतला साहेब दिवसभर एक्सेल चालवून धूळ साफ न करता आणायचा, त्याच्याही मशीनचं तेच व्हायचं. खरं म्हणजे मशीनची सगळ्यात बारीक काळजी गेम खेळणारी पोरंच घेत. तापमान किती, पंखा किती फेऱ्यांनी फिरतो, पेस्ट कधी बदलली, हे त्यांना तोंडपाठ. बापाला स्वतःचं ब्लडप्रेशर ठाऊक नसायचं.

गेमची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की त्या फ्लॉपीने मला एक खोड लावली. कुणाचीही डिस्क समोर आली की मी मनात विचारतो: यातलं कंपनीने दिलेलं किती, बाजारातून आणलेलं किती, आणि या माणसाने स्वतः केलेलं किती? शेवटचा आकडा नेहमी हास्यास्पद लहान येतो.

सिनेमांच्या संग्रहात हा आकडा शोधायला मला वेळ लागला.

आपल्याकडे संग्रहाची सुरुवात व्हीसीडीने झाली. डीव्हीडी महाग होती, व्हीसीडी फूटपाथवर मिळायची. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमाराला व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा किराणा दुकानातसुद्धा सिनेमे लटकू लागले. जुने मराठी सिनेमे बऱ्याच घरांत पहिल्यांदा आले ते असेच, दोन चकत्यांच्या पाकिटात. एका चकतीत ७४ ते ८० मिनिटंच मावायची, म्हणून इंटरव्हलपर्यंत एक आणि पुढे दुसरी. चकतीवर ओरखडे पडायला लागले की लोक ती घेऊन यायचे, ‘हे सगळं हार्डडिस्कवर घेऊन द्या.’ कितीतरी जणांनी घरी स्वतःच घ्यायचा प्रयत्न केलेला असायचा. व्हीसीडीमधल्या चित्रपटाच्या फाइलीचं नाव सिनेमाचं नसतंच, ते असतं ‘एव्हीसेक ०१ डॉट डॅट’. पिंजरा असो की बनवाबनवी, प्रत्येक चकतीवर हेच नाव. पहिली चकती फोल्डरात उतरवायची, मग दुसरी उतरवायची, विंडोज विचारतं, ‘याच नावाची फाइल आहे, बदलू का?’ माणूस ‘हो’ म्हणतो. घरात मग इंटरव्हलनंतरचेच सिनेमे उरतात. एका गृहस्थांकडे असे उत्तरार्ध होते डझनावारी. ते म्हणाले, ‘मला वाटलं, मराठी सिनेमे असेच एकदम सुरू होतात.’ हा विनोद की टीका, मला अजून कळलेलं नाही.

मग चाळीस जीबीचे ऐंशी झाले, ऐंशीचे पाचशे आणि एकदाचा एक टेराबाइट आला. त्याच्याबरोबर आला रोजचा तंटा. ‘एक टीबी म्हणून दिलीत, इथे तर ९३१ दिसतायत. सत्तर जीबी कुणी खाल्ले?’ बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. माल तेवढाच असतो, माप वेगळं. हे मी कागदावर करून दाखवायचो. लोक मान डोलवायचे आणि जाताना म्हणायचे, ‘तरी पण ९३१ म्हणजे जरा कमीच.’ नंतर मी विकतानाच सांगायला लागलो, ९३१ ची आहे. तंटा मिटला.

दुसरी सार्वत्रिक समजूत अशी की डिस्क घेतली की दुकानदाराने ती सिनेमांनी भरून द्यायची, कोथिंबिरीसारखी. मी कधी भरून दिली नाही. यात साधुत्व फार नव्हतं. लॅमिंग्टन रोडला छापे पडल्याच्या बातम्या महिन्याआड कानावर यायच्या आणि मला माझं शटर प्रिय होतं. आता तर २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीने चोरून चित्रीकरण आणि चोरट्या प्रसारणाला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवलाय. कायदा बरोबर आहे. फक्त मला एवढंच वाटतं की हवा तो जुना मराठी सिनेमा पैसे देऊन, चांगल्या प्रतीत, हक्काने विकत घ्यायचा म्हटलं तर दुकानच सापडत नाही, याचीही कुणी तेवढ्याच तत्परतेने दखल घ्यावी.

लॅमिंग्टन रोडचं नाव निघालंच आहे तर. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि पाठीवरची सॅक पुढे घेऊन गर्दीत शिरायचं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तो पत्ता सांगितला तर टॅक्सीवाला क्षणभर थांबतो. तिथल्या घाऊक गाळ्यांत भाव सकाळी एक, दुपारी एक. २०११ च्या पावसाळ्याअखेर थायलंडमध्ये पूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि आमच्याकडे काही आठवड्यांत डिस्कचे भाव दुप्पट झाले. तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की आपले सिनेमे ज्या खोक्यात राहतात तो खोका बँकॉकजवळ तयार होतो. त्या काळात गिऱ्हाईक ‘फ्रीझरमध्ये ठेवू का?’ असं विचारायला लागलं. मेलेली डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की चालू होते, हे मत जगभर फिरून डोंबिवलीत पोचलं होतं. कधीमधी एखादी जुनी डिस्क थंडीने आकसून तासभर चाललीही असेल. पण बाहेर काढली की आत दव धरतं, आणि तबकडी मिनिटाला काही हजार फेरे घेते तेव्हा वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. तिथे थेंबाला काय, धुळीच्या कणालाही जागा नाही. डिस्क टकटक वाजायला लागली की वीज काढा आणि हात जोडा. उघडणं माझ्या दुकानातलं काम नाही. ती मी मुंबईतल्या लॅबकडे पाठवतो आणि तिथलं बिल ऐकून निम्मे लोक म्हणतात, ‘जाऊ दे, पुन्हा डाउनलोड करू.’

रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक काका मात्र ‘जाऊ दे’ म्हणाले नाहीत.

त्यांची डिस्क ठणठणीत होती, व्हीसीडीच्या चकत्यांवरून उतरवलेले मराठी सिनेमे तिच्यावर होते. नवा टीव्ही आला, पुतण्याने डिस्क टीव्हीला जोडून दिली. टीव्हीला त्यावर कार्यक्रम रेकॉर्ड करायचे होते, म्हणून त्याने पडद्यावर इंग्रजीत विचारलं, फॉरमॅट करू का. काका मला म्हणाले, ‘इतक्या सभ्यपणे विचारतोय म्हणजे आपल्या भल्याचंच असणार, असं समजून ओके दाबलं.’ टीव्हीने आपल्या पद्धतीने डिस्क आखून घेतली. वर पुतण्याने ‘चालते का बघू’ म्हणून दोन हिंदी सिनेमे तिच्यावर ओतले.

इथे थोडं आतलं सांगायला हवं. डिस्कवर फाइल एकीकडे असते आणि तिचं नाव दुसरीकडे. कुठली फाइल, कुठल्या फोल्डरात, तिचे तुकडे कुठे कुठे, हे सगळं एका वेगळ्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता शाबूत असला तर पुसलेलं सगळं नावागावासकट परत आणता येतं. काकांच्या डिस्कवर नेमका तक्त्याचा बराच भाग मारला गेला होता. मग उरतो एकच मार्ग: प्रोग्रॅम डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जातो आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या सुरुवातीला जी ठरावीक खूण असते ती दिसली की तिथून फाइल उचलतो. त्याला नाव माहीत नसतं, म्हणून तो आकडे घालतो. रात्रभर मशीन चाललं. सकाळी बघितलं तर सिनेमे बहुतेक परत आले होते, आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे इंग्रजी एफ आणि पुढे आठ-दहा आकडे.

मी खुशीत फोन केला. काका आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हे कुणाचे सिनेमे आहेत?’

मला वाटलं होतं, नावं देणं हा तासाभराचा खेळ. काका पुढचे कितीतरी दिवस दुपारी दुकानाच्या कोपऱ्यात बसले. एकेक फाइल उघडायची, बघायची, नाव द्यायचं. पहिल्या चकत्या सोप्या होत्या. आपल्याकडे सिनेमा सुरू होतो सेन्सॉरच्या प्रमाणपत्राने. त्यावर नाव, भाषा, रिळं, लांबी सगळं लिहिलेलं असतं. ते प्रमाणपत्र लोक बघत नाहीत, आम्ही मात्र त्या दिवसांत त्याची आतुरतेने वाट बघितली. पण दुसरी चकती प्रमाणपत्राने सुरू होत नाही. ती सुरू होते कुणाच्या तरी वाक्याच्या मधून. काकांची खरी परीक्षा तिथे. चित्र काळं-पांढरं, निळू फुले आहेत, डॉक्टर लागू आहेत. सामना की सिंहासन? काका एक संवाद ऐकायचे. ‘निळूभाऊ पत्रकार आहेत, म्हणजे सिंहासन. सामन्यात ते कारखान्याचे मालकच.’ रंगीत सिनेमे काकूंवर सोपवले होते. त्या चार वाजता थर्मास घेऊन यायच्या आणि चेहरा दिसायच्या आधी साडीवरून सिनेमा सांगायच्या. माझा मदतनीस पोरगा, ज्याने आयुष्यात एकही मराठी सिनेमा थेटरात बघितला नव्हता, तो त्या दिवसांत ‘जैत रे जैत’ची गाणी गुणगुणत फॉरमॅट मारायला लागला.

एवढं करून सिनेमे मार्गी लागले. काका तरीही समाधानी दिसेनात. हळूहळू उलगडलं की त्यांची नावं नुसती नावं नव्हती. त्यांनी प्रत्येक फाइलीला शेपूट जोडलेलं होतं. ‘एक डाव भुताचा, नातवंडं आली की.’ ‘उंबरठा, एकट्याने.’ एका सिनेमापुढे ‘आवाज वीस मिनिटांनी सुधारतो, धीर धरावा.’ दुसऱ्यापुढे ‘शेवट आधी सांगू नये, हिला माहीत नाही.’ काकू ते ऐकून म्हणाल्या, ‘मला माहीत होता.’ आणि एक फोल्डर होता ‘आईसाठी’. आई गेल्यावरही तो तसाच ठेवलेला. त्यात कुठले सिनेमे होते? पाच-सहा आठवले. बाकीचे आठवेनात. सगळे सिनेमे समोर पडद्यावर होते, त्यातले आईचे कुठले, एवढंच हरवलं होतं.

पुतण्या न्यायला आला होता. तो म्हणाला, ‘काका, हे सगळं यूट्यूबवर असतं हल्ली.’ काका म्हणाले, ‘असेल रे. पण मी कुठले ठेवले होते, ते आहे का तिथे?’

पुतण्या चुकीचा नव्हता, यातल्या बऱ्याच गोष्टी खरंच यूट्यूबवर आहेत. पण माझ्या त्या जुन्या प्रश्नाचं सिनेमाच्या खात्यातलं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. एक टेराबाइटच्या डिस्कवर काकांचं स्वतःचं होतं ती फाइलींची नावं, फोल्डर आणि त्यामागची निवड. सगळं मिळून पन्नास केबीसुद्धा भरलं नसतं. रिकव्हरीच्या प्रोग्रॅमने शेकडो जीबी परत आणले आणि नेमके ते पन्नास केबी सोडले.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्याबद्दल मी नंतर वाचलं. १९६४ मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि नायरांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून सुट्या रिळांचे तुकडे मिळवले. ‘कालिया मर्दन’ हा १९१९ चा मूकपट, मुलगी मंदाकिनी कृष्णाच्या कामात. तुकडे होते, क्रम नव्हता. तो सिनेमा जुळवता आला तो फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या टिपणांच्या आधारे. नायर स्वतः लहानपणी सिनेमाची तिकिटं जपून ठेवायचे आणि पुढे अंधारात बसून रिळागणिक नोंदी करायचे. याच संग्रहालयाच्या ताब्यातली नायट्रेट रिळं २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या आगीत गेली, आणि ‘आलम आरा’ची प्रत तर देशात कुठेच नाही. तरी त्या सिनेमात काय होतं हे आपण सांगू शकतो, ते कुणीतरी कागदावर उतरवून ठेवलं म्हणून. हे वाचून मला काका आठवले आणि मोठ्या माणसांशी तुलना नको म्हणून मी गप्प बसलो. इथे मात्र लिहून टाकतो.

तेव्हापासून माझ्याकडे कुठलीही डिस्क आली की मी तिच्यावरच्या सगळ्या फाइलींची यादी काढतो. त्याला काही विकत घ्यावं लागत नाही, डॉसच्या काळापासूनची एक कमांड आहे, काही सेकंदांत साधी टेक्स्ट फाइल तयार होते. ती गिऱ्हाइकाला मेल करतो. लोक हसतात. ‘सिनेमे वाचवायचे सोडून नावं काय वाचवताय?’ सिनेमे वाचवायचा उपायही सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एवढं ऐकून ते अंदाज घेतात, तिप्पट खर्च दिसतो आणि मुकाट्याने यादीवर समाधान मानतात.

सगळ्यांच्या यादीत काही असतं असं नाही. काही डिस्कवर दोन-दोन हजार सिनेमे असतात आणि एकाचंही नाव मालकाने बदललेलं नसतं. साइटचं नाव, १०८०पी, एक्स२६४, कुणा अज्ञात उतरवणाऱ्याची सही, सगळं जसंच्या तसं. अशी डिस्क गेली तर मला फारसं वाईट वाटत नाही. तो संग्रह नाही, साठा आहे. साठा पुन्हा भरता येतो.

२०१६ हे वर्ष आमच्या धंद्याला वळण देऊन गेलं. जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओ. डिस्क मागणारं तरुण गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांत आटलं. ‘ठेवायचं कशाला, सगळं आहेच की’ हे नवं मत. आहे तोवर आहे, हे खरं. मग कधीतरी कुणी तक्रार करत येतं की मागच्या महिन्यात अर्धा बघितलेला सिनेमा आता सापडत नाही, तुमचं इंटरनेट बघा जरा. इंटरनेट ठीक असतं, हक्कांची मुदत संपलेली असते. ‘बघायचे आहेत’ म्हणून लावून ठेवलेल्या यादीतूनही तो निघून गेलेला असतो, त्यामुळे काय गेलं हेच आठवत नाही.

गेमवाल्यांना हा धडा आधी मिळाला. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाइल बंद केला तेव्हा माझ्या दुकानात दुखवटा होता. पोरांना गेम गेल्याचं दुःख कमी, कमावलेले पोशाख आणि बंदुकांचे रंग गेल्याचं जास्त. पुढच्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला आणि जुन्या खात्यातलं सामान ठरावीक मुदतीत नव्यात आणायची सोय मिळाली, तेव्हा कॉलेजातल्या एका पोराने मला विचारलं, ‘काका, हे बॅकअप घेता येतं का पेनड्राइव्हमध्ये?’ नाही घेता येत. ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं. त्याला व्हाइस सिटीच्या फ्लॉपीबद्दल सांगितलं. त्याला फ्लॉपी म्हणजे काय ते दाखवावं लागलं, पण मुद्दा लगेच कळला. विकत घेतलेला गेमसुद्धा आपला राहील असं नाही. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता, युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. आयजीआय बरा, लाइट आल्यावर निदान पहिल्यापासून तरी सुरू व्हायचा.

या सगळ्यामुळे असेल, अलीकडे तिशीतली काही मंडळी पुन्हा डिस्क मागायला लागली आहेत. परवा एक जण आला, घाटकोपरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला घरी उभारलेलं स्वतःचं नेटफ्लिक्स वाढवायचं होतं. आठ टीबीच्या दोन डिस्क, एकीचा आरसा दुसरीवर, वर सिनेमे मांडून दाखवणारा जेलीफिन नावाचा प्रोग्रॅम. सिनेमांची पोस्टर, कुणी कुठपर्यंत बघितलं, बायकोची यादी वेगळी, आईची वेगळी, सगळं नेटकं मांडलेलं होतं. वर्षभर तो हे घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालवत होता, आता नुसती जागा वाढवायची होती. दोन डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, एकीवरून पुसलं की दुसरीवरूनही पुसलं जातं, हे मी सांगितलं. ‘माहितेय,’ तो म्हणाला. ‘सिनेमे गेले तर गेले, परत मिळतील.’

‘आणि ही मांडणी? आईची यादी, कोण कुठपर्यंत आलं, हे कुठे ठेवलंय?’

तो थांबला. ते सगळं जेलीफिनच्या डेटाबेसमध्ये, आणि डेटाबेस त्या जुन्या लॅपटॉपच्या एसएसडीवर. सहा वर्षं जुनी. एसएसडी टकटक करत नाही, न कुरकुरता एक दिवस जागी होत नाही, आणि तिच्यावरून पुसलेलं आमच्यासारख्यांना सहसा परत मिळत नाही.

‘केवढा असेल तो डेटाबेस?’ त्याने विचारलं.

‘पेनड्राइव्हमध्ये आरामात मावेल. महिन्यातून एकदा उतरवून घ्या.’

बिल करत होतो. त्याने सगळे आकडे फोनवर दोनदा तपासले, मग म्हणाला, ‘दोन डिस्क घेतोय, पेनड्राइव्ह फ्री टाका.’

‘बत्तीसचा टाकतो,’ मी म्हटलं. ‘एकोणतीस दिसतील.’